लघवी गळण्याचं ऑपरेशन झाल्यावर या चुका टाळा

खोकताना-शिंकताना लघवी सुटते म्हणून टेपचं (जाळीच्या पट्टीचं) ऑपरेशन केलं, आणि घरी आल्यावर पुन्हा कपडे ओले. "ऑपरेशन करून बी गळतंयच की," म्हणत आपल्या कोल्हापूरच्या बायका गप्प बसतात. हे गप्प बसणंच फार नडतं, कारण प्रत्येक गळणं सारखं नसतं.

टेप मूत्रमार्गाला खालून आधार देते. ती जास्त घट्ट बसली तर लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि भरून वाहू लागते. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, पुढं वाकल्याशिवाय होत नाही, उठलं की पुन्हा लागल्यासारखं वाटतं. अशात शेजारच्या काकूंची 'घाई थांबवायची गोळी' घेतली तर लघवी आणखी तुंबते. सोनोग्राफीला भरल्या पिशवीनं जातो, पण इथं महत्त्वाची मोजणी लघवी करून आल्यानंतरची. मागं किती उरली ते कळतं. ती आवर्जून मागून घ्या. लवकर गेलात तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेप सैल करता येते, उशीर झाला तर ती कापावी लागू शकते. लघवी अजिबात होत नसेल, ओटीपोट ताणून दुखत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.

काहींना ऑपरेशननंतर नव्यानंच लघवीची घाई सुरू होते. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी चाचणी) करा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकनं भागवू नका. तीन दिवस किती प्यायलं, किती वेळा आणि किती मिली लघवी झाली ते वहीत लिहा. डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.

अंबाबाईच्या रांगेत किंवा गारगोटीच्या एसटीत पंचाईत नको म्हणून पाणी तोडणं मला समजतं, पण घट्ट लघवीनं पिशवी चिडते आणि पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता होते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दीड-दोन लिटर प्या, चहा कमी करा.

वैरणीचा भारा, भरलेली घागर साधारण सहा आठवडे नकोच. सासूबाईंनी घरात हे ठणकावून सांगावं.

अंगावरून लाल-पिवळं जाणं, संबंधावेळी दुखणं किंवा नवऱ्याला टोचणं, हे काही वर्षांनी झालं तरी लाजू नका. टेप उघडी पडलेली असू शकते. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि दाखवायला जाताना सोबत न्या; कोणती टेप बसवली ते त्यावर नसेल तर दवाखान्यातून लिहून घ्या.