बाटलीभर पाण्याने वर येणारी जिओकॅश

जिओकॅश म्हणजे जीपीएसच्या निर्देशांकांवरून शोधायचा लपवलेला डबा; आतल्या लॉगवर, म्हणजे नोंदीच्या कागदावर, सही करून तो परत ठेवायचा. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मरने ऑरेगॉनमध्ये पहिली जिओकॅश ठेवली, ती साधी बादली होती. आजही बहुतेक कॅश म्हणजे ढोलीतला डबा. सापडला, सही केली, विसरलो. लक्षात राहते ती डोळ्यांसमोर असून हाती न लागणारी. त्यातला हा स्वस्तातला प्रकार: उभा पाइप, तळाशी नळी, वर आणायला बाटलीभर पाणी.

४० मिमीचा पीव्हीसी पाइप ६० सेमी, दोन एंड कॅप, पीव्हीसी सोल्युशन आणि झाकणासह एक प्रीफॉर्म एवढं लागतं. प्रीफॉर्म म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी. तिच्या गळ्याची कडा सुमारे ३३ मिमी असते, म्हणून ३२ चा पाइप चालत नाही. जाड भिंतीच्या ४० मध्येही ती अडकू शकते. दुकानात नळी बरोबर न्या आणि पाइपमध्ये सोडून बघा. आपसूक खाली घसरली तरच घ्या. ५० चा पाइप घेतलात तर पाणी लिटरभर लागतं, शिवाय नळी आडवी कलून अडते.

तळाची कॅप चिकटवण्याआधी तिच्या मध्यभागी ३ मिमीचं भोक पाडा. सगळी गंमत या भोकात आहे. भोक नसेल तर पाणी साचून डास होतात आणि पुढच्या माणसाला नळी आयती वर तरंगताना दिसते. ३ मिमीने भरलेला पाइप मिनिट-दीड मिनिटात रिकामा होतो, तेवढ्यात झाकण हाती येतं. ८ मिमी केलंत तर ओताल तेवढं वाहून जाईल. बोट लावायची कसरत हवी असेल तर मुद्दाम तसं करा. सोल्युशन दिवसभर वाळू द्या. पाइपचा तळ जमिनीपासून ५ सेमी वर ठेवा, नाहीतर चिखलाने भोक बुजतं. वरची कॅप न चिकटवता दोरीने बांधा. ती नसेल तर आत कचरा पडून भोक बुजू शकतं.

नळीत टिश्यू घालून, वजन बांधून रात्रभर बादलीत बुडवा. ओला निघाला तर झाकण बदला. सिलिका जेलने गळती थांबत नाही. लॉगची गुंडाळी पेन्सिलीने लिहिता येईल अशी आणि उंचीने नळीच्या तोंडापर्यंत येणारी हवी, नाहीतर चिमटा लागतो.

दोन्ही टोकं बंद असलेला पाइप बॉम्बसारखा दिसतो. त्यावर ठळक अक्षरांत ‘जिओकॅश’ लिहा, जागामालकाची परवानगी घ्या आणि रेल्वे, पूल, संरक्षित स्मारकं टाळा. झाडाला खिळे नकोत, जमीन खणायची नाही. कुंपणाच्या खांबाला झिप टाय पुरतात. शेजारची कॅश किमान १६१ मीटर लांब असावी.

निर्देशांक वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढा. ते मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहितात; अक्षांशात तेवढा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर.

नाव ‘तहानलेला कावळा’ ठेवायचा मोह होईल. ठेवू नका: लोक खडे टाकतात, खडे नळीभोवती अडकतात आणि पाइप कापावा लागतो. ‘तहान’ पुरे. जवळ नळ नसेल तर पाणी बरोबर आणायला कॅशच्या वर्णनातच सांगा. तेवढ्याने गुपित फुटत नाही, उन्हात चालत येणाऱ्याला पाणी लागतंच.