हायकूवर प्रोग्राम पोर्ट करताना

बी कंपनीने बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम बंद सोर्सची ठेवली होती, म्हणजे तिचा मूळ कोड जाहीर केला नव्हता. 2001 मध्ये तिची मालमत्ता पामने विकत घेतली, तेव्हा वापरकर्त्यांच्या हाती केवळ बायनरी, म्हणजे कोडशिवायच्या चालवण्याजोग्या फाइली, उरल्या. ट्रॅकर (फाइल व्यवस्थापक) आणि डेस्कबार (टास्कबार) यांचा कोड मात्र कंपनीने 2000 मध्ये खुला केला होता, म्हणूनच ते दोन्ही सुधारत सुधारत आजच्या हायकूत, म्हणजे बीओएसच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, पोहोचले. कर्नलसाठी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासाठी, न्यूओएस या कर्नलचा खुला आधार मिळाला. उरलेले बहुतेक सारे स्वयंसेवकांना नव्याने लिहावे लागले आणि पहिली बीटा यायला 2018 उजाडले. हायकूसाठी काम करताना हा इतिहास ध्यानात ठेवून, आपण पोर्ट केलेला, म्हणजे दुसऱ्या सिस्टीमवरून हायकूवर आणलेला, प्रोग्राम आपल्या पश्चात दुसऱ्या कुणाला सोर्सपासून पुन्हा बिल्ड करता येईल अशा रीतीनेच तो तयार करावा.

प्रोग्राम निवडण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. कोड उपलब्ध असूनही परवाना नसेल, तर आधी मूळ लेखकाला लिहून परवानगी घ्यावी. जुन्या बीओएसच्या प्रोग्रामांना हे विशेष लागू पडते, कारण त्यांच्या बायनरी फक्त 32 बिट हायकूवर चालतात. 64 बिटवर आणायचे तर सोर्सवाचून मार्ग नाही.

त्यानंतर व्हर्च्युअल मशीनमध्ये हायकू बसवून हायकूपोर्ट्सच्या संग्रहात त्या प्रोग्रामची रेसिपी आधीच आहे का, ते पाहावे. नसेल तर नवी लिहावी. रेसिपी म्हणजे सोर्सचा पत्ता, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडणारा आकडा), परवाना, लागणाऱ्या लायब्ररी आणि बिल्डच्या आज्ञा नोंदवणारी साधी मजकूर फाइल; ती वाचून हायकूपोर्टर हा प्रोग्राम सोर्स उतरवतो, पॅच (कोडमधील आवश्यक बदल) लावतो आणि पॅकेज बनवतो. हाताने बिल्ड करून झिप फाइल वाटण्यापेक्षा यात वेळ अधिक जातो, पण तो सत्कारणी लागतो.

बिल्ड अडते ती ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. सॉकेटची (नेटवर्क जोडणीची) फंक्शन्स हायकूत वेगळ्या नेटवर्क लायब्ररीत असल्याने ती लायब्ररी लिंकरला (कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनाला) स्पष्ट सांगावी लागते. बिल्डपूर्वी सिस्टीम तपासणाऱ्या जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टला 64 बिट हायकू ओळखता येत नाही. तिथे कॉन्फिग-गेस फाइल नवी घालावी. बिल्ड सुरळीत होऊनही प्रोग्राम चालताना कोसळला, तर तो स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहू पाहतो का, हे आधी तपासावे, कारण हायकूतील पॅकेजचा आशय फक्त वाचता येतो आणि सेटिंग्ज वापरकर्त्याच्या सेटिंग्ज फोल्डरमध्येच ठेवाव्या लागतात.

पॅच लिहिताना जागोजागी हायकूचे नाव घालून अटी वाढवू नयेत. हवी ती सोय सिस्टीममध्ये आहे की नाही, हे तपासणारा कोड लिहावा. असा पॅच मूळ प्रकल्पाला स्वीकारणे सोपे जाते, आणि तो तिथे गेला नाही तर प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच काम पुन्हा करावे लागते, ज्यासाठी इतक्या लहान समुदायात माणसे कुठून आणणार? रेसिपी हायकूपोर्ट्सकडे पाठवल्यावर तिची तपासणी होते आणि ती स्वीकारली गेली की पॅकेज हायकूडेपो या हायकूच्या पॅकेज बसवण्याच्या प्रोग्राममध्ये सर्वांसाठी उपलब्ध होते.