फोटो अपलोडमुळे सर्व्हर बंद पडू नये म्हणून काय करावे

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातली अनेक मंडळे आपल्या संकेतस्थळावर देखाव्यांचे फोटो मागवतात. सदाशिव पेठेतल्या अशाच एका मंडळाचे संकेतस्थळ मी सांभाळत होतो आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री ते बंद पडले. लॉग तपासल्यावर कारण निघाले अवघ्या 400 केबीची एक पीएनजी फाइल. अपलोडला 5 एमबीची मर्यादा होती आणि तेवढे पुरे, असे मी धरून चाललो होतो.

फाइलचे वजन आणि चित्राची लांबीरुंदी यांचा मेळ असतोच असे नाही. 20,000 × 20,000 पिक्सेलचे एकरंगी चित्र पीएनजीत अर्ध्या एमबीच्या आत मावते. पण थंबनेल (छोटी प्रतिमा) करण्यासाठी ते मेमरीत उलगडले की 40 कोटी पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे सुमारे 1.6 जीबी मेमरी लागते. आमचा सर्व्हर 2 जीबीचा होता.

म्हणून चित्र उलगडण्यापूर्वी त्याची लांबीरुंदी वाचावी. पीएनजीमध्ये रुंदी 17 ते 20 आणि उंची 21 ते 24 या बाइटांत असते. जेपीईजीत मात्र ही माहिती एक्झिफच्या (कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेल्या तपशिलांच्या) मागे कुठेही असू शकते, त्यामुळे स्वतः बाइट मोजत बसण्यापेक्षा चित्रे हाताळणाऱ्या तयार सॉफ्टवेअर लायब्ररीलाच विचारणे बरे. पायथनच्या पिलो या लायब्ररीमध्ये फाइल ओपन केल्यावर फक्त हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वाचले जाते, पिक्सेल नंतर उलगडतात. नेमकी तिथेच तपासणी करावी. पिलो सुमारे 8.9 कोटी पिक्सेलच्या वर केवळ इशारा देते आणि त्याच्या दुपटीवर गेल्यावरच काम नाकारते. मी ही मर्यादा 6 कोटींवर आणली आणि इशाऱ्यालाही नकारच मानले. फोनचा 50 मेगापिक्सेलचा, म्हणजे 5 कोटी पिक्सेलचा फोटो त्यात सहज बसतो.

पिलोऐवजी इमेजमॅजिक हे चित्रांवर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याच्या पॉलिसी डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये मर्यादा घालाव्यात. इथे एक गोष्ट हमखास निसटते: केवळ मेमरीची मर्यादा घातली, तर ती ओलांडल्यावर इमेजमॅजिक थांबत नाही, पिक्सेल डिस्कवर लिहू लागते, आणि मेमरीऐवजी डिस्क भरते. त्यामुळे रुंदी, उंची, डिस्क आणि वेळ या चारही मर्यादा मेमरीच्या जोडीने घालाव्यात. जिफ स्वीकारत असाल, तर फ्रेमची संख्याही मोजावी, कारण एका जिफमध्ये अनेक चित्रे असू शकतात. एसव्हीजीची (मजकुराच्या रूपात लिहिलेल्या चित्रांची) गरज नसेल, तर ती सरळ बंद ठेवावी.

फोटोचे काम वेबच्या प्रक्रियेत न करता वेगळ्या प्रक्रियेत, मेमरी आणि सेकंदांची मर्यादा घालून करावे. एका वेळी दोनच फोटो घेतले, तरी मंडळाचे काम अडत नाही.

शेवटी 20,000 × 20,000 चे एकरंगी चित्र स्वतः तयार करून चाचणीच्या सर्व्हरवर अपलोड करावे आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये मेमरीचा आकडा पाहत राहावे. नकाराचा संदेश येईपर्यंत तो जवळजवळ हलता कामा नये.