क्रोशाची जास्वंद: तोरणासाठी आणि गणपतीच्या हारासाठी

क्रोशाची पाच पाकळ्यांची फुलं बरीच जण करतात, पण लाल दोऱ्यात केलेलं प्रत्येक फूल जास्वंद दिसत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: रुंद, एकमेकींवर चढलेल्या पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांब तुरा आणि पाकळ्यांच्या मुळाशी घट्ट मिटलेलं मध्य. खालचं फूल याच हिशेबाने बसवलं आहे.

दोरा सुती घ्या. लोकर मऊ पडते, तिच्या पाकळ्या दोन दिवसांत माना टाकतात. साधारण जाडीचा निटिंग कॉटनचा दोरा आणि २ मिमीची सुई घेतली तर फूल साडेचार सेंटिमीटरच्या आसपास होतं. तेच टाके २० नंबरच्या बारीक दोऱ्यावर १.२५ मिमीच्या स्टीलच्या सुईने घातले तर तीन सेंटिमीटरच्या जवळ येतं. लाल दोरा कापण्याआधी त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यात पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्यावर गुलाबी डाग उठला तर ती गुंडी पांढऱ्या तोरणाला वापरू नका. पहिल्याच धुण्यात सगळं तोरण गुलाबी होईल.

फुलाला टाके चारच लागतात. साखळी आणि स्लिप स्टिच (टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या घरातूनही तसाच काढायचा) सगळ्यांना येतात. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि सुईवरची दोन्ही घरं एकदम काढायची. दुहेरी खांबाला आधी सुईवर दोरा दोनदा गुंडाळायचा, टाक्यातून दोरा ओढायचा, की सुईवर चार घरं होतात. ती दोन-दोन करत तीन वेळा काढायची. इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकत असाल तर एक घोळ लक्षात ठेवा. अमेरिकन पद्धतीत ‘ट्रेबल’ म्हणतात तो आपला दुहेरी खांब. ब्रिटिश पद्धतीत ‘ट्रेबल’ म्हणजे आपला साधा खांब. सूचना नेमकी असूनही पाकळ्या बुटक्या आल्या, तर कारण बहुतेक हेच असतं.

आता पहिली ओळ. मॅजिक रिंग, म्हणजे टोक ओढलं की घट्ट होणारं दोऱ्याचं वेटोळं, करा, टोकाचा दोरा १५ सेंटिमीटर सोडा. एक साखळी घाला. ही फक्त उंचीसाठी, टाका म्हणून मोजायची नाही. रिंगमध्ये १० मुके खांब घाला. रिंग ओढून घट्ट करा आणि पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच घालून ओळ जोडा. पहिल्या साखळीत नाही, पहिल्या खांबात. सगळ्यात जास्त फुलं इथे बिघडतात. साखळीत जोडलं की ती अकरावा टाका बनते आणि पाचवी पाकळी झाल्यावर एक टाका उरतो. उलट, नऊच खांब पडले तर शेवटच्या पाकळीला जागा अर्धीच राहते. म्हणून पहिल्या खांबात एक छोटी सेफ्टी पिन अडकवा आणि ओळ जोडण्याआधी टाके बोटाने मोजा. गडद लाल दोऱ्यात घरं नीट दिसत नाहीत, तेव्हा पहिली एक-दोन फुलं फिकट रंगात करून हात बसवणं शहाणपणाचं.

दुसऱ्या ओळीत पाकळ्या येतात. एका पाकळीला दोन टाके. ज्या टाक्यात ओळ जोडली त्यातूनच सुरुवात करा: ३ साखळ्या, मग त्याच टाक्यात ३ दुहेरी खांब. पुढच्या टाक्यात ३ दुहेरी खांब, ३ साखळ्या आणि त्याच टाक्यात स्लिप स्टिच. झाली एक पाकळी. आता पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच घाला आणि तिथून पुन्हा तेच. अशा पाच. दुहेरी खांबाची उंची खरं तर चार साखळ्यांची असते. इथे मुद्दाम तीनच घालायच्या, म्हणजे पाकळीच्या दोन्ही कडा खाली झुकतात आणि वरचा भाग गोल दिसतो. चार घातल्या तर पाकळी चौकोनी येते.

दोन पाकळ्यांमधली स्लिप स्टिच सैल सोडू नका. ती सैल असली की पाकळ्यांमध्ये फट दिसते आणि फूल चांदणीसारखं वाटतं. आणि फूल वाटीसारखं आत वळत असेल तर बहुतेक वेळा दुहेरी खांब ठेंगणे पडलेले असतात. टाक्यातून दोरा ओढल्यावर पहिलं घर जरा वर उचला, मग बाकीची काढा. जास्वंदीला थोडासा खोलगटपणा शोभतो, तेव्हा अगदी सपाट करण्याच्या मागे लागायचं कारण नाही.

पाकळ्या झाल्यावर एक छोटं काम हातानेच करायचं. खऱ्या जास्वंदीत प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली गेलेली असते, जणू पंखा फिरतोय. पाचही पाकळ्या तशाच एका दिशेने लावून घ्या. एक जरी उलटी पडली तरी लगेच खटकते.

तुऱ्याला लाल दोराच वापरा. १५ सेंटिमीटर टोक सोडून ९ साखळ्या, मग सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून परत येताना ८ स्लिप स्टिच. मुके खांब घातले तर दांडी जाड होते आणि पिळते. परत आल्यावर दोरा तोडा. दोन्ही टोकं बुडाशीच असतात, ती रिंगच्या मध्यातून मागे काढून गाठ मारा. आता भरतकामाच्या पिवळ्या रेशमाचे तीन पदर सुईत ओवून दांडीच्या वरच्या अर्ध्या भागावर आठ-दहा गाठीचे टाके घाला, सगळ्या बाजूंनी. पिवळ्या दोऱ्याचीच दांडी करायचा मोह होतो, पण जास्वंदीची दांडी लाल आणि परागच पिवळे असतात.

टोकं लपवताना घाई नको. रिंगचं टोक बोथट सुईने रिंगभोवती एक पूर्ण फेरा फिरवा, मग उलट दिशेने अर्धा. चकचकीत सुती दोरा निसटता असतो. नुसता एकीकडे ओवून कापला तर धुतल्यावर मध्य उघडतं आणि तुरा लोंबकळतो.

पानाला आणखी दोन टाके लागतात. दोन्हींना दोरा सुईवर एकदाच गुंडाळायचा, टाक्यातून दोरा ओढला की तीन घरं होतात. खांबाला ती दोन-दोन करत दोनदा काढायची, अर्ध्या खांबाला तिन्ही एकदम. पानासाठी हिरव्या दोऱ्याच्या ९ साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून: १ मुका, १ अर्धा खांब, ४ खांब, १ अर्धा, शेवटच्या साखळीत ३ मुके. मग साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत: १ अर्धा, ४ खांब, १ अर्धा, १ मुका, आणि स्लिप स्टिचने जोड.

फूल ताठ हवं तर साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवा, पिळू नका, टॉवेलात दाबा आणि गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी थर्माकोलवर पाकळी-पाकळी टाचून सावलीत वाळवा. साखरेचं पाणी टाळा, मुंग्या लागतात.

९० सेंटिमीटरच्या दाराला दर ९ सेंटिमीटरवर एक धरून ११ फुलं लागतात. २१ फुलांचा हार मोठ्या फुलांचा केला तर ९५ सेंटिमीटरच्या आसपास होतो. फूटभर मूर्तीला तो पायाखाली जाईल. तिथे बारीक दोऱ्याची फुलं घ्या, हार साधारण ६३ सेंटिमीटरचा होईल. दोऱ्याचा अंदाज घ्यायला एक फूल उसवून दोरा मोजा आणि फुलांच्या संख्येने गुणा. लाल रंगाची दुसरी गुंडी आणायला गेलात तर छटा हटकून वेगळी निघते, म्हणून सगळा दोरा एकदमच आणा.