लो अँगल म्हणजे ताकद? दृश्याचं विश्लेषण करताना या चुका टाळा

एखाद्या दृश्याच्या कॅमेऱ्यावर आणि संकलनावर दोन पानं लिहायची म्हटली की पुष्कळांची पहिली ओळ ठरलेली असते : ‘इथे लो अँगल (खाली ठेवून वर रोखलेला कॅमेरा) वापरून पात्राची ताकद दाखवली आहे.’ हे कधीकधी खरंही असतं. पण लिहिणाऱ्याने दृश्य पाहून लिहिलंय की कुठल्यातरी तक्त्यावरून उतरवलंय, ते पुढच्या दोन ओळींत उघडं पडतं. तक्ता असेल तर मागोमाग पाढे सुरू होतात. क्लोज-अप म्हणजे जवळीक, तिरका कॅमेरा म्हणजे अस्वस्थता, हातात धरलेला कॅमेरा म्हणजे गोंधळ.

मी वाचलेल्या विश्लेषणांमधली ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू या. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) निवडणूक हरल्यानंतर नायक केन आणि त्याचा मित्र लीलंड प्रचार कार्यालयात बोलतात. तो भाग कॅमेरा इतका खाली ठेवून चित्रित केला आहे की त्यासाठी सेटच्या जमिनीत खड्डा करावा लागला होता. तक्त्याप्रमाणे केन या घटकेला सर्वांत बलवान असायला हवा. प्रत्यक्षात तो हरलाय, घर मोडलंय आणि मित्रही हातचा जायच्या बेतात आहे. खालून तो अवाढव्य दिसतो खरा, पण त्याच्या डोक्यावर छतही दिसत राहतं, आणि एवढ्या देहाला त्या खोलीत जायला जागाच उरत नाही. अँगल तोच, अर्थ नेमका उलटा.

म्हणून अँगलचा अर्थ शोधण्याआधी विचारा : आधी काय होतं आणि आता काय बदललं? सबंध प्रसंगच खालून घेतला असेल तर त्यातल्या एका लो अँगलकडे बोट दाखवून काही निघत नाही. तीन मिनिटं डोळ्यांच्या उंचीवर असलेला कॅमेरा एका प्रश्नानंतर गुडघ्यापर्यंत उतरला, तर तिथे लिहिण्यासारखं काहीतरी आहे. आणखी एक चाचणी करा. तोच शॉट मनातल्या मनात दुसऱ्या जागेवरून घेऊन बघा. काय गमावलं ते सांगता येत नसेल, तर ते वाक्य खोडा. वाईट वाटतं, पण खोडाच.

झूम की ट्रॉली?

दुसरी चूक साधी आहे, पण तिच्यामुळे पुढचा सगळा युक्तिवाद ढासळतो. कॅमेरा जागेवरून हललाच नसताना ‘कॅमेरा पात्राच्या जवळ जातो’ असं लिहिलं जातं. ओळखायची खूण अशी : पात्राच्या पुढे एखादी खुर्ची आणि मागे दार असेल, तर त्या दोघांवर नजर ठेवा. खुर्ची भराभर मोठी होऊन फ्रेमबाहेर सरकली आणि दार मात्र जेमतेम वाढलं, तर कॅमेरा खरोखर पुढे गेला, ती ट्रॉली. सगळंच एका प्रमाणात मोठं झालं तर झूम. दोन्ही एकाच वेळी उलट्या दिशेने केलं की पात्र तेवढंच राहतं आणि मागची जागा ताणली जाते किंवा आकसते. ‘व्हर्टिगो’मधला (१९५८) जिन्याचा शॉट त्यासाठीच आठवला जातो. पॅनचंही तसंच. कॅमेरा तिवईवर मान वळवतोय की रुळावरून बाजूला सरकतोय, हे जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींवरून सरकतात का यावरून कळतं.

याच्याच शेजारचा एक गैरसमज : ‘टेलिफोटो लेन्सने (लांबचं मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाने) माणसं एकमेकांजवळ आणली.’ लेन्स ते करत नाही, अंतर करतं. कॅमेरा लांब नेला की पुढच्या-मागच्या माणसांच्या आकारातला फरक कमी होतो, मग ती चिकटल्यासारखी वाटतात. त्याच जागेवरून वाइड लेन्सने घेऊन मधला तुकडा मोठा केला, तरी त्यांचं आपसातलं नातं तेच दिसेल. तेव्हा ‘कुठली लेन्स’ यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ‘कॅमेरा किती लांब उभा आहे’ हे लिहा. ते पडद्यावर दिसतं.

कान बंद ठेवून संकलन बघणं

कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा. ते मोजतात सगळे, ऐकत कोणीच नाही. संकलनावरचं अर्धं लेखन इथेच फसतं. चौकशीचा एक साधा प्रसंग कल्पा. अधिकारी विचारतो, ‘त्या रात्री तुम्ही कुठे होता?’ कट कुठे आहे? प्रश्न पूर्ण झाल्यावर साक्षीदारावर आला, तर तो नुसता पाळीपाळीने बोलणं दाखवणारा कट. ‘त्या रात्री’ या शब्दांवरच आला आणि बाकीचा प्रश्न साक्षीदाराच्या चेहऱ्यावर ऐकू आला, तर त्याचा चेहरा प्रश्नाच्या आधी बदलला की नंतर, हे आपल्याला दिसलं. चित्र पुढच्या शॉटचं आणि आवाज अजून मागच्या शॉटचा, हा एल-कट. पुढच्या शॉटचा आवाज आधीच येऊ लागला तर जे-कट. नावं विसरलात तरी चालेल, पण कट कुठल्या शब्दावर पडला ते नोंदवल्याशिवाय संवादाच्या प्रसंगाबद्दल लिहू नका.

सराव असा : प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, एकदा पडदा झाकून नुसता ऐका. दुसऱ्या वेळी ध्यानात येतं की ज्याला आपण ‘वेगवान संकलन’ म्हणत होतो तो वेग पार्श्वसंगीताचा होता, आणि चित्रात शॉट निवांत चालले होते.

आकड्यांचा घोळ

शॉटची सरासरी लांबी काढणं उपयोगी आहे, पण सरासरी खोटंही बोलते. दोन मिनिटांत २० शॉट म्हणजे सरासरी ६ सेकंद. आता त्यातला पहिलाच शॉट ६० सेकंदांचा असेल तर उरलेले १९ शॉट प्रत्येकी जेमतेम ३ सेकंदांचे. म्हणजे ‘मध्यम गती’ लिहून तुम्ही प्रसंगाचा कणाच मोडलात. सगळे आकडे ओळीने लिहा आणि गती कुठे तुटते ते बघा.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ सुट्या चित्रांचा असतो. तो २५ फ्रेमच्या टीव्ही प्रणालीसाठी सरळ वेग वाढवून चालवला की जवळपास ४ टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत. दोन जणांचे आकडे जुळत नसतील तर भांडण्याआधी आवृत्ती तपासा. जुन्या चौकोनी मालिका रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेल्याही सापडतात, आणि मग ‘डोकं फ्रेमबाहेर ठेवून असुरक्षितता दाखवली’ अशी वाक्यं जन्माला येतात.

हसू नका. एका प्रसंगातल्या ‘विलक्षण तरल, स्वप्नवत कॅमेऱ्या’वर मी स्वतः एक परिच्छेद लिहून बसलो होतो. नंतर कळलं, टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती. ती बंद केल्यावर स्वप्न गेलं, परिच्छेदही गेला. लिहायला बसण्याआधी ती सेटिंग बघा. अचूक कट पकडायचा असेल तर फ्रेमगणिक पुढे सरकता येईल असा प्लेअर वापरा; व्हीएलसीमध्ये ‘ई’ कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते.

‘चूक सापडली!’

शॉट बदलताच पेल्यातलं पाणी कमी-जास्त झालं, हात आधी डावा होता मग उजवा. असल्या शोधांना विश्लेषण म्हणू नये. संकलक वॉल्टर मर्च यांनी कट निवडण्याचे सहा निकष सांगितले आहेत. त्यात भावनेला ५१ टक्के वजन आहे आणि त्रिमित जागेच्या सातत्याला ४. पेला जुळला नाही, कारण बहुधा त्या टेकमध्ये (शॉटच्या त्या खेपेच्या चित्रणात) चेहरा जुळला होता.

दोन पात्रांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम. तो ‘मोडला’ म्हणण्याआधीही थोडं थांबा. दोन पात्रांमधली ती काल्पनिक रेषा जागेवर खिळलेली नसते. पात्र उठून चाललं की रेषा हलते, चालू शॉटमध्ये कॅमेराच पलीकडे गेला की ती रीतसर ओलांडली जाते. आणि खरोखर एका कटमध्ये मोडली असेल, तर मोडली कधी, कुठल्या वाक्यावर, हा पुढचा प्रश्न.

‘यात एकही कट नाही’ हे वाक्यही जपून लिहा. ‘रोप’ (१९४८) एकाच शॉटचा म्हणून सांगितला जातो, पण कॅमेऱ्यात मावणारी १००० फूट फिल्म साधारण ११ मिनिटांतच संपते. त्यामुळे त्यात कट आहेतच. काही पात्राच्या पाठीवरच्या कोटाच्या अंधारात लपवलेले, काही चक्क उघडे.

मालिकेला चित्रपटाची फूटपट्टी

स्टुडिओतल्या बऱ्याच मालिका एकाच वेळी तीन-चार कॅमेऱ्यांनी घेतल्या जातात. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१) तीन फिल्म कॅमेऱ्यांवर प्रेक्षकांसमोर होत असे, आणि सगळ्या बाजूंनी एकदम चालेल असा सपाट, सारखा प्रकाश छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी त्यासाठी बसवला. तिथे ‘प्रकाश सपाट ठेवून पात्रांचा उथळपणा दाखवला’ असं लिहिणं म्हणजे सोयीला शैली समजणं. आधी विचारा, हे चित्रित कसं झालं असेल? मग उरतं त्यातलं निवडीचं किती, ते बघा.

तरीही काही सापडत नसेल

तीनदा पाहूनही वहीत फक्त कथाच उतरत असेल, तर बहुधा तुकडा फार लांब घेतलाय. दहा मिनिटांचा प्रसंग सोडा, ४० सेकंद घ्या. कागदावर रकाने आखा : शॉट क्रमांक, लांबी, आकार, कॅमेऱ्याची उंची, हालचाल, कोण कुणाकडे बघतंय, कटच्या आधीचा शेवटचा शब्द. शेवटचा रकाना भरायला कंटाळा येतो, आणि नेमकं तिथेच काहीतरी हाती लागतं. ४० सेकंद कुठले घ्यायचे ते ठरत नसेल, तर पहिल्यांदा पाहताना तुम्ही खुर्चीत जिथे पुढे सरकला होतात, तिथून पाच शॉट मागे जा आणि मोजायला लागा.