जत्रेच्या कुस्ती मैदानासाठी प्रायोजक घेताना

सांगली जिल्ह्यात जत्रेचे मैदान भरवणाऱ्या यात्रा समितीने प्रायोजकाचा धनादेश स्वीकारण्यापूर्वी, पैशाच्या मोबदल्यात मैदानातील कोणत्या गोष्टींना हात लावता येणार नाही, याचा लेखी ठराव करावा.

फलक आखाड्यापासून मागे लावावेत. मातीबाबत मात्र तडजोड नको. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या लाल मातीऐवजी चित्रीकरणासाठी गादी अंथरा, असा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्यावा. गादीवरच्या कुस्तीला विरोध नाही, ऑलिंपिकची वाट तिथूनच जाते, पण जत्रेचे मैदान मातीतच शोभते. जोड लावण्याचा, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवण्याचा, अधिकार वस्तादांकडेच ठेवावा, आणि नामांकित मल्लाचे मानधन वाढवण्यासाठी लहान मुलांच्या कुस्त्यांचे इनाम कापू नये. हलगीवाल्यांची बिदागी मैदान उठण्यापूर्वी चुकती करावी. मंडपवाल्याचे बिल नंतर दिले तरी चालते.