आधी फोनची खरखर घालवा, मग राउटर जोडा

फोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट (डीएसएल) घेत असाल तर राउटर खोक्यातून काढायची घाई करू नका. आधी साधा फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे डायलटोन थांबेल, आणि कान देऊन ऐका. खरखर आली तर दोष तारेत आहे, राउटर कितीही भारीचा आणा.

आमच्या खानापूर (बेळगाव) भागात पाऊस दणकून पडतो आणि तांब्याची तार ओल धरते. गेल्या मिरगात मी ओसरीच्या भिंतीवरची फोनची डबी उघडली. आत मुंग्यांनी माती भरलेली, स्क्रूखालची तार कळकून हिरवीगार. तेवढा तुकडा कापला, अर्धा इंच तार नव्याने सोलली, स्क्रू आवळला. दिवसातून दहादा तुटणारं नेट त्या संध्याकाळी एकदाही तुटलं नाही. मात्र उघडी तार बोटात धरू नका. घंटी वाजताना तीत 75 व्होल्टांच्या आसपास दाब येतो. खरखर डबीच्या बाहेरून येत असेल तर एक्सचेंजला कळवा. ‘नेट चालत नाही’ म्हणालात की राउटर बंद-चालू करायला सांगतात. ‘लाईन नॉइज’ म्हणा. कन्नड येत नसलं तरी हे दोन शब्द पुरतात.

आता स्प्लिटर. आपलं बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खाली चालतं, इंटरनेट 25 किलोहर्ट्झच्या वर. दोघांना वेगळं करते ती ही छोटी डबी. भिंतीतली तार ‘लाईन’मध्ये, फोन ‘फोन’मध्ये, राउटर ‘मोडेम’मध्ये. माडीवरच्या फोनची तार स्प्लिटरच्या आधीच फोडलेली असेल तर त्या फोनलाही वेगळा फिल्टर (इंटरनेटचा सिग्नल फोनपासून अडवणारी डबी) लावा. बहुतेक घरांत चूक इथेच सापडते.

राउटरवरचा डीएसएल दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की कॉम्प्युटर लॅन केबलने जोडा आणि ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका (काही राउटरचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या चिठ्ठीवर बघा). उघडलेल्या पानावर बीएसएनएलच्या जोडणीसाठी असं भरा: व्हीपीआय 0, व्हीसीआय 35 (लाईनच्या वाटेचे आकडे), प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी). युजरनेम-पासवर्ड कंपनीने दिलेला. वायफायचा पासवर्ड तेव्हाच बदला.

राउटरच्या स्टेटसच्या पानावर एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे जोडणी टिकायला लागतो त्यापेक्षा सिग्नल खरखरीच्या किती वर आहे ते. 6 डेसिबलच्या खाली असेल तर जोडणी टिकत नाही, पुन्हा भिंतीवरच्या फोनच्या डबीकडे वळा.

वळवाचे ढग गडगडायला लागले की राउटरचा प्लग काढाच, पण फोनची तारही काढा. वीज त्या तारेतूनही घरात येते.